मधातला आवळा: खोकल्याच्या बरणीच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, तासगाव

यंदा मोरावळा नाही, मधातला आवळा करायचा. मोरावळ्याला पाक आला, पाक म्हटलं की एकतारी का दोनतारी यावरून आत्तींचं (सासूबाईंचं) आणि माझं दर वर्षी वाजतं, शिवाय खोकल्यावर जे काय थोडंफार तपासून बघितलेलं आहे ते मधावर आहे, साखरेवर नाही. दुसरं कारण म्हणजे गेल्या महिन्यातली बातमी. मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपनं लहान लेकरं गेली, केंद्रानं २ वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका म्हणून कळवलं, आणि जाऊबाईंनी त्याच दिवशी फ्रीजच्या दारातल्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या सगळ्या काढून टाकल्या. त्यांचा थोरला दुसरीत आहे, धाकटी अजून वर्षाची व्हायचीय. घरात खोकणारं माणूस मात्र वेगळंच, आत्ती. दिवसभर काही नाही, रात्री पाठ टेकली की सुरू.

मधात आवळे घालायची रेसिपी ढीगभर मिळते आणि सगळ्यांत शेवटी एकच वाक्य असतं, "वर्षभर टिकतो". मला ते पटत नाही. आवळ्यात वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी, ते पाणी जाणार कुठं, मधातच ना. म्हणून यावेळी नुसतं करायचं नाही, मोजत करायचं.

१२ नोव्हेंबर

मोजायला काय तर ब्रिक्स मीटर, रसात साखर किती टक्के ते दाखवणारं. द्राक्षवाल्याच्या घरात ते असतंच, आणि बाग आत्ता कुठं फुलोऱ्यात आहे म्हणजे गोडी बघायला अजून लई अवकाश आहे, तोपर्यंत ड्रॉवरमध्येच पडून असतं. (यंदा मे महिन्यातच लागलेल्या पावसानं काड्यांत घडच कमी निघालेत, जे आहेत ते डाऊनी रोगापासून वाचवायच्या नादात मालक सकाळी सहाला ब्लोअर घेऊन बाहेर, त्यामुळे मीटर कुठं गेलं म्हणून विचारायला कोणी नाही.)

अडचण अशी की हे मीटर ० ते ३२ चं. द्राक्षाला तेवढं पुष्कळ झालं, मधाचा आकडा जातो ८० च्या आसपास. मधाचं वेगळं मीटर मिळतं पण एका बरणीसाठी कोण घेतंय. मग जुगाड केला, १० ग्रॅम मध, २० ग्रॅम पाणी, चांगलं ढवळायचं, येईल त्या आकड्याला तीननं गुणायचं. सोनाराकडं असतो तसला छोटा वजनकाटा आहे घरी, त्यावर करायचं, चमच्यानं मोजून उपयोग नाही कारण मध पाण्यापेक्षा जड, आणि वाचताना जेवढी चूक होईल ती पण तिप्पट होणार. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळवून घेतलं.

दोन मध होते. एक महाबळेश्वरचा जांभळाचा, नणंदबाईंनी आणलेला, काळसर आणि गिळताना शेवटी जराशी कडवट चव. दुसरा इथलाच, पोळं काढणाऱ्यानं दारावर आणून दिलेला आग्या मध. उजेडाकडं धरून डोळा लावला की वर निळं खाली पांढरं आणि मधे रेघ. जांभळाची रेघ २६.८ वर, म्हणजे ८०.४. आग्याची २५ वर, म्हणजे ७५. शंभरातून वजा करून पाणी काढायचं नाही, मधाचं कोष्टक वेगळं असतं आणि पाणी दीडेक टक्का कमीच निघतं, तर जांभळाच्या मधात साधारण १८ टक्के पाणी आणि आग्यात २३ च्या वर. सरकारच्या अन्नसुरक्षावाल्यांची, एफएसएसएआयची, मर्यादा २० टक्क्यांची आहे. आग्या मध काही वाईट नसतो पण पोळं पिळून काढलेलं, त्यात न झाकलेल्या घरांतला कच्चा मधही येतो, तो पातळच असणार. बरणीसाठी जांभळाचा घेतला, आग्या खाऊन संपवायचा.

एक लक्षात ठेवायचं, हे मीटर पाणी सांगतं, भेसळ सांगत नाही. साखरेचा घट्ट पाक असला तरी हे खुशाल ८० दाखवेल. ग्लासातल्या पाण्यात थेंब तळाशी गेला म्हणजे अस्सल, ह्या परीक्षेलाही काडीचा अर्थ नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेनं ब्रँडेड मध तपासले तर नेहमीच्या तपासण्या चुकवायलाच बनवलेले पाक त्यात घातलेले निघाले, लॅबला चकवतात ते ग्लासाला काय भीक घालणार. आणि मध खाली साखरेसारखा बसला की लोक लगेच भेसळ म्हणतात, ते ग्लुकोजचे कण असतात, अस्सल मधही बसतो.

१५ नोव्हेंबर

मंडईतनं आवळे आणले, मोठे, पिवळट हिरवे, डाग नसलेले. धुऊन चाळणीत ठेवून वाफवले, पाण्यात उकळले नाहीत. दहा मिनिटांत शिरांवर चिरा पडायला लागतात तेव्हा गॅस बंद. जरा निवले की बोटानं दाबायचं, फोडी आपोआप सुट्या होतात, बी टाकून द्यायची. विळीला हात लावायचा नाही असा आत्तींचा दंडक, लोखंड लागलं की आवळा काळा पडतो, आणि ते खरंच आहे, आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड यांचं तसं होतंच. स्टीलचं सगळं.

फोडींचे ३००-३०० ग्रॅमचे वाटे केले.

पहिला वाटा रेसिपीत सांगतात तसा, पंचावर घटकाभर निथळून थेट बरणीत, वर ३०० ग्रॅम मध. नाव "ओली". हीच दोन बरण्यांत अर्धी-अर्धी, एक कट्ट्यावर, एक फ्रीजमध्ये, काय होतंय ते बघायचंच आहे म्हणून.

दुसरा वाटा माळावर, बेदाण्याच्या शेडवर. रॅक एप्रिलपासून मोकळीच आहेत. सगळ्यात वरच्या जाळीवर स्वच्छ सुती कापड, त्यावर फोडी एकेक सुट्या, वरनं दुसरं पातळ कापड. शेडनेटची सावली आणि चारी बाजूंनी वारा, बेदाण्याला जे पाहिजे तेच आवळ्याला. उन्हात टाकले असते तर लवकर सुकले असते पण सी व्हिटॅमिनला ऊन मानवत नाही.

भावजी म्हणाले, "वहिनी, आता आवळ्याचा पण सौदा काढणार का तासगाव मार्केटला?"

१६ नोव्हेंबर

ओलीत एका रात्रीत वर पाण्यासारखा थर आलाय. उलटीपालटी करून ढवळली आणि मोजलं तर २२, म्हणजे ६६. कालचा ८०. मध एवढ्या झपाट्यानं पाणी ओढतो हे माहीत होतं पण आकडा बघून तरी डोळे विस्फारलेच. हाच तर मधाचा गुण, घट्ट असतो तेव्हा जंतूंच्या पेशीतलंसुद्धा पाणी ओढून घेतो म्हणून त्यात काही जगत नाही, आणि फळातलं पाणी ओढून पोट भरलं की तोच गुण निघून जातो.

२० नोव्हेंबर

शेडवरच्या फोडी आणल्या. ३०० ग्रॅमच्या ९५ ग्रॅम उरल्या. कडकडीत नाहीत, वाकवली तर वाकते, मोडत नाही, दोन बोटांत दाबली तर ओल लागत नाही पण आत मऊ आहे. कडा आत वळल्यात, रंग मातकट. आणखी वाळवली असती तर आवळकाठी झाली असती, मग ती मधात मुरायला महिने घेते आणि दातही मागते.

बरणी गरम पाण्यातनं काढून उन्हात कोरडी केलेली, फोडी, वर ३०० ग्रॅम जांभळाचा मध, चार काळी मिरी आणि अर्धा चमचा सुंठ. ओलं आलं नाही घातलं. आलं इथं चांगलं मिळतं, सातारी आलं पण ओल्या आल्यातही पाणीच, एवढा खटाटोप करून पाणी बाहेर काढायचं आणि आल्यावाटे परत आत घालायचं याला अर्थ नाही. सुंठीनं काम भागतं.

लसूण पण घाला असं शेजारच्या काकू सांगत होत्या. नको म्हटलं. आवळा आंबट, त्याच्यासोबत मध आंबटच राहतो, लसणाचं तसं नाही, आंबटपणा कमी पडला की विष करणाऱ्या जंतूंना वाव मिळतो.

२३ नोव्हेंबर

ओली, कट्ट्यावरची: १८, म्हणजे ५४. ओली, फ्रीजमधली: १९, म्हणजे ५७. सुकी: २६, म्हणजे ७८.

कागदावर हिशोब मांडून बघितला. ३०० ग्रॅम ओल्या आवळ्यात सुमारे २४५ ग्रॅम पाणी, ३०० ग्रॅम मधात ५४. सगळं एकमेकांत मुरलं की आकडा ५० च्या आसपास येऊन थांबणार. म्हणजे बरणीत मध राहिलेलाच नाही, गोड आवळा सरबत आहे. सुकीत फोडींमध्ये चाळीसेक ग्रॅमच पाणी उरलंय, तिचा आकडा ७५ च्या खाली जाऊ नये.

मालक म्हणाले, एवढं मोजण्यापेक्षा दुप्पट मध घाल की. तेही केलं तरी भागत नाही, दुप्पट मध घातला तरी साठीच्या आसपासच, आणि मध काय विहिरीतनं येतो का.

३० नोव्हेंबर

कट्ट्यावरच्या ओलीचं झाकण फिरवलं तर फुस्स. कडेनं बारीक बुडबुड्यांची माळ, फोडी सगळ्या वर तरंगायला लागल्या, वास ताडीकडं झुकलेला. मधात यीस्ट मुळातच असतं, घट्टपणामुळं गप्प बसलेलं असतं, पाणी मिळालं की उठतं. आमच्याकडं दुपारी अजून २८-३० पर्यंत जातंय, त्याला तेवढं पुरे. विष वगैरे नाही झालं, पण हे वाढत गेलं तर बरणी फुटू शकते आणि पोराच्या खोकल्यावर द्यायची तर ही चीज नाही. ओतून न टाकता आत्तींनी झाडाला घातली, मला विचारलंही नाही.

फ्रीजमधली ओली शांत आहे. पण फ्रीज यीस्टला झोपवतो, मारत नाही, त्यामुळं ही महिन्याभरात संपवायची.

हेच लिहायचं होतं खरं तर. मधात फळ टिकतं ते मध घट्ट राहिला तर, आणि मध घट्ट राहायचा तर फळ आधी सुकवूनच आलं पाहिजे. "वर्षभर टिकतो" वाल्या रेसिपीत ही पायरी नसते.

७ डिसेंबर

कुणाला द्यायचं कुणाला नाही, हे फ्रीजच्या दारावर लिहून लावलं, कारण पाहुणे येतात आणि बरणी समोर दिसते.

धाकटीला नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नाही. यावरून घरात बरंच झालं, आमच्याकडं जन्मलेल्या बाळाला मध चाटवायची पद्धत आहे, माझ्या नवऱ्यालाही चाटवलाय, "काय झालं त्याला?" असं आत्ती म्हणणारच. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार होतं, बाळ लुळं पडतं. क्वचित होतं पण होतं, आणि शिजवून भाजून बीजाणू जात नाहीत. जाऊबाई पहिल्यापासून माझ्या बाजूनं होत्या, बालरोगवाल्यांनीही तेच सांगितलं, विषय संपला.

मामांना (सासऱ्यांना) नाही. शुगर आहे, आणि मध म्हणजे साखरच, "नैसर्गिक" म्हणून रक्तात काही वेगळं होत नाही. ते गुपचूप खातात हा भाग वेगळा.

थोरल्याला रात्री झोपायच्या अर्धा तास आधी एक चमचा. हे माप हवेतनं नाही घेतलं. २००७ साली अमेरिकेत पेन स्टेटच्या डॉक्टरांनी मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर मध देऊन बघितला होता, त्यात २ ते ५ वर्षांना अर्धा चमचा, ६ ते ११ ला एक, त्याच्या वर दोन असं होतं आणि आईबापांच्या सांगण्यावरून मध दिलेल्यांचा खोकला आणि झोप काही न दिलेल्यांपेक्षा बरी होती. पुढं २०१८ मध्ये कॉक्रेन नावाच्या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं असे सगळे प्रयोग एकत्र करून बघितले, त्यांचंही म्हणणं साधारण तेच, काहीच न देण्यापेक्षा मध बरा. पण ते सगळं नव्या खोकल्याबद्दल, सर्दीपडशातल्या, जुनाट खोकल्याबद्दल नाही. आणि ते नुसत्या मधाबद्दल, आवळ्याचा त्यात काही संबंध नाही. आवळ्याचं माझं मत एवढंच की आंबट तुरट फोड तोंडात घोळवली की लाळ सुटते, माणूस सारखं गिळत राहतो आणि कोरड्या घशाची खवखव जरा दबते. बाकी आवळ्यानं प्रतिकारशक्ती वाढते वगैरे मी दारावर लिहिलं नाही.

१४ डिसेंबर

थोरला आवळा तोंडात घेतो, मध चाटतो आणि फोड ताटाखाली चिकटवतो. म्हणून त्याच्यासाठी तिसरी बरणी, बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे आणि आमच्या घरात पोतं आहे, मग आवळ्यालाच का धरून बसा.

यात बघायचं एकच, बेदाणा बिनगंधकाचा हवा. पिवळाधमक रंग यायला गंधकाची धुरी देतात, दमा असलेल्या काहींना त्या सल्फाइटनंच खोकला उठतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आम्ही घरी खायला थोडा माल बिनधुरीचा काढून ठेवतो, रंगानं तांबूस, मार्केटला कोणी विचारत नाही, चवीला मात्र तोच खरा. २०० ग्रॅम बेदाणा, कोमट पाण्यात धुऊन पुन्हा दोन दिवस जाळीवर वाळवलेला, ३०० ग्रॅम मध, सुंठ, चिमूटभर हळद. हळद जास्त झाली की मध कडू लागतो.

मोजायला गेलं तर मजा नाही. बेदाण्यात पाणी १५-१६ टक्के, मधात १८, दोघंही सारखेच तहानलेले, कोण कुणाला पाणी देणार. हळद-सुंठीचा गाळ खाली बसू दिला आणि वरचं घेऊन मोजलं, आकडा जिथल्या तिथं. बेदाणा फुगतही नाही. पण पोरगं मूठभर मागतं.

२८ डिसेंबर

सुकी: २५, म्हणजे ७५. इथंच थांबलीय, त्या दारावरच्या आग्या मधाएवढी पातळ. २० टक्क्यांच्या वर पाणी आहेच, म्हणून हीसुद्धा मी कट्ट्यावर ठेवणार नाही, फ्रीजमध्ये. अजून बुडबुडा नाही, वास स्वच्छ. फोड आता चिवट राहिली नाही, चावली की आधी मध, मग आंबट, मग तुरट, आणि पाणी प्यायलं की घसा गोड. सुंठ शेवटी येते. मिरीचं काही कळत नाही, पुढच्या वेळी नाही घालणार.

बरणीतनं काढायला कोरडाच चमचा. ओला चमचा घालणाऱ्याला या घरात माफी नाही.

४ जानेवारी २०२६

कडाक्याची थंडी आहे, पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्यात मणी तडकू नयेत म्हणून, त्या धुरात आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या धुरळ्यात गावच्या गाव खोकतंय. थोरला शाळेतनं सर्दी घेऊन आला, रात्री चमचाभर, एकदा उठला, परत झोपला, आठवड्यात उतरलं. मध नसता दिला तरी आठवड्यात उतरलंच असतं, पण रात्र बरी गेली आणि आमचीही झोप झाली.

कोमट पाण्यातनं द्यायचं असेल तर पाणी ओठाला सोसेल एवढंच. उकळत्या चहात नको. आयुर्वेदात मध गरम करायला मनाई आहेच, आणि आजच्या भाषेत सांगायचं तर तापवला की मधात एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं आणि वास उडून जातो.

आत्तींचा खोकला मात्र जसाच्या तसा. फोड तोंडात आहे तोवर बरं वाटतं म्हणतात, पाठ टेकली की पुन्हा तेच. सकाळी मी त्यांना विचारलं, "आत्ती, कधीपासनं चाललंय हे नक्की?" तर म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीपासनं असंल की." म्हणजे झाले की दोन महिने. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्या असं टीबीवाले भिंतीभिंतीवर लिहितात, आणि आम्ही बरणीत आवळे मोजत बसलोय. उद्या न्यायचं.

८ जानेवारी

थुंकी आणि एक्सरे दोन्ही स्वच्छ. डॉक्टरांनी प्रेशरच्या गोळीची पट्टी मागितली, नाव वाचलं आणि म्हणाले खोकला हिचाच असणार. त्या जातीच्या, म्हणजे "प्रिल" नं संपणाऱ्या, गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा ठसका लागतो. गोळी बदलून दिली. त्यांनीच बदलली, आपल्या मनानं बंद करायची नाही हेही बजावलं. उतरायला काही आठवडे लागतील म्हणाले. आत्तींनी त्यांना मधातला आवळा दाखवायला डबीत नेला होता, त्यांनी एक फोड खाल्ली, चांगलाय म्हणाले, बाईंना आवडत असेल तर खाऊ दे.

१८ जानेवारी

आत्तींचा ठसका निम्म्यावर. फ्रीजमधली ओली संपली, सरबतात घातली. सुकी अर्धी उरलीय. संक्रांतीला आलेल्या बायकांनी बेदाण्याची बरणी जवळपास रिकामी केली आणि दोघींनी कृती मागितली, त्यांच्यासाठी माप इथंच लिहून ठेवते: एक किलो आवळ्याच्या वाफवून बिया काढलेल्या फोडी, सावलीत वाऱ्यावर वजन तिसऱ्या हिश्शावर येईपर्यंत सुकवायच्या (शेड नसेल तर गच्चीवर कापडाखाली, रात्री घरात घ्यायच्या, नाहीतर दव पडून पुन्हा ओल्या), ओल्या फोडींच्या वजनाएवढा घट्ट मध, एक-दीड चमचा सुंठ, कोरडी काचेची बरणी, वर दोन बोटं मोकळी जागा, पहिले आठ दिवस रोज एकदा ढवळायचं, मग फ्रीज. बुडबुडे दिसले तर खोकल्यासाठी वापरायची नाही.

आवळे अजून महिनाभर मिळतील. दुसरा घाणा लावायचा तर पुढच्या आठवड्यातच, फेब्रुवारीत बेदाण्याची द्राक्षं सुरू झाली की शेडवर मला कोण जागा देतंय, आणि ब्रिक्स मीटर तर मालकांनी आजच मागून नेलं.